सुतकातली घागर

१

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, भर दुपारी, पावणेदोनच्या सुमारास, असोद्याचे झुलाल आबा गेले. दोनच्या आत गावात ठरूनही गेलं, की ते गेले नाहीत, त्यांना मारलं.

मारणारीही जागेवरच सापडली होती. आबांची लेक वेणूअक्का सणाला पिंपळनेरहून माहेरी आली होती. चौकातल्या निंबाला झोके बांधलेले, तिथून ती बापाला डोळे भरून बघावं म्हणून घरात आली आणि उंबऱ्यातच थिजली. आबा खाटेवर कुशीला पडलेले, ओठ जांभळे, आणि त्यांची देखभाल करणारी रूही त्यांच्या पाठीत तळहाताने धपाधप मारत होती. उशी जमिनीवर पडली होती. वेणूअक्काने ती उचलली तर ओली लागली.

तिच्या किंकाळीने झोके थांबले, पारावरचे पत्त्यांचे डाव मोडले. आबांचा मुलगा प्रेमराज पारावरून धावत आला, त्याच्या मागून निम्मं गाव. संध्याकाळपर्यंत रूही पोलीस ठाण्यात बसली होती आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलं, की मृत्यू श्वास कोंडून झाला. उशी, ओले डाग, मारताना बघितलेली लेक. कोणाला आणखी काय हवं होतं?

धुळ्यात ही बातमी तानुबाईंना फोनवर कळली. त्या एरंडोलच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, वय एकाहत्तर. गेली नऊ वर्षं त्या दिपमाला न्यासात घरसेवेसाठी मुली तयार करत होत्या. रूहीला उशी कशी द्यायची, कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही पोरगी असं करणार नाही. दुसरा विचार त्यांना आवडला नाही, पण तो आला. तीन महिने एका हट्टी, अर्ध्या अंगाने लुळ्या म्हाताऱ्यापाशी दिवसभर बसून माणसाचा तोल सुटू शकतो. छत्तीस वर्षांत त्यांनी चांगली मुलं वाईट वागताना बघितली होती.

२

हा न्यास ज्यांच्या नावाचा, त्या दिपमालाबाई एका जिनिंगवाल्यांच्या घरच्या. तरुणपणी धुळ्याच्या क्लबात पांढऱ्या पोशाखात टेनिस खेळायच्या, मोटार स्वतः चालवायच्या, पुण्या-मुंबईहून कप जिंकून आणायच्या. एकदा अशीच स्पर्धा जिंकून त्या घरी आल्या, तर अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाठीला मूठ जाईल एवढी जखम झालेली. घरात चार नोकर होते, पण तिची कूस कोणी बदलली नव्हती. त्यानंतर बाईंनी रॅकेट हातात धरली नाही. मरताना सगळी मालमत्ता एकाच कामाला लावली: म्हाताऱ्या माणसाची सेवा त्याच्याच घरात, त्याच्याच खाटेवर व्हावी.

नियम त्यांनी स्वतः लिहिले आणि ते खेळाडूचे होते. खेळात जशा बाजू बदलतात तशी दर दोन तासांनी कूस बदलायची. पंचाशी जसा वाद घालत नाहीत तसा घरच्यांशी वाद घालायचा नाही, आपलं काम करायचं. आणि शेवटचा नियम: माझ्या मुलींच्या हातून कोणाला इजा झाली तर हे काम थांबवा आणि पैसा पोरांच्या खेळाला द्या.

बाईंचा भाचा ललित न्यासाचा विश्वस्त होता. आत्याच्या नावाने खेळाचं मोठं सभागृह व्हावं, अशी त्याची जुनी इच्छा. त्याने तानुबाईंना बोलावून शांतपणे सांगितलं, की सोमवारी बैठक आहे आणि शेवटचा नियम वाचून दाखवावा लागेल.

"तुम्ही अखाजीला असोद्यात होतात ना?" तानुबाईंनी विचारलं.

तो होता. वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला गेला होता. एकच्या आधी निघालो, असं त्याने सांगितलं, आणि मग स्वतःहूनच म्हणाला, "बाई, मला सभागृह हवंय, पण म्हाताऱ्याच्या मढ्यावर नकोय."

तानुबाईंनी ते ऐकून घेतलं. खरं मानलं नाही, खोटंही मानलं नाही.

३

रूहीला त्या भेटल्या तेव्हा तिचे वडील मुख्तार ठाण्याच्या भिंतीला टेकून उभे होते. शिंपीकाम करणारा माणूस. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. फौजदार रुपचंद सोनवणे यांनी पंधरा मिनिटं दिली आणि वर म्हणाले, "बाई, तुमची विद्यार्थिनी आहे म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. पण लेकीने डोळ्यांनी बघितलंय."

रूहीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने सगळं क्रमाने सांगितलं. सव्वाबाराला आबांना बसवून पातळ नसलेली खिचडी भरवली. अर्धा तास बसवून ठेवलं. ललितभाऊंनी फोटो काढला, ते गेले. मग तिने आबांना डाव्या कुशीवर घेतलं, डोक्याखाली दोन उशा, आणि खराब चादरी घेऊन परसात धुवायला गेली. तिथून पुढचं दार दिसत नाही. परत आली तेव्हा आबा उताणे होते. डोक्याखाली उशी नाही, तोंड निळं पडत चाललेलं. तिने त्यांना कुशीवर ओढलं आणि घशात अडकलेलं बाहेर यावं म्हणून पाठीत थापट्या मारल्या.

"बाहेर काय आलं?"

"पाणी. नुसतं पाणी. मी त्यांना तीन महिन्यांत एकदाही नुसतं पाणी दिलेलं नाही, बाई."

हे तानुबाईंना माहीत होतं. झटका आल्यापासून आबांचा गळा नीट चालत नव्हता. त्यामुळे पाण्यात पूड कालवून ते पेजेसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आबांची वाचा गेली होती, एकच शब्द उरला होता. पानी. दिवसातून शंभर वेळा.

"तू घरच्यांना काय सांगायचीस?"

"ते विचारायचे, का देत नाहीस. मी म्हणायचे, बाईंनी नको म्हणून सांगितलंय. वाद घालायचा नाही ना." मग ती म्हणाली, "गल्लीत म्हणायचे, ती पोरगी आबांना पाण्याऐवजी खळ पाजते."

तानुबाई उठल्या तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली होती. रूहीला मारायचं असतं तर तिला उशीची गरज नव्हती. एक पेला पुरला असता. आणि नेमका तसाच पेला कोणीतरी दिला होता.

पण फौजदारांनी तेच उलटं फिरवलं. "म्हणजे पाण्याने माणूस मरतो हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं. तेही तुम्हीच शिकवलेलं," ते म्हणाले. "हे मी लिहून घेऊ का, बाई?"

४

असोद्याच्या घरात दहा दिवसांचं सुतक होतं. चूल बंद, शेजारून डबा येत होता. ओट्यावर प्रेमराज बसला होता, पन्नाशीचा, केळीच्या बागेत राबून रापलेला. वेणूअक्काने दोघांना पाणी आणून दिलं. उन्हाने डोकं भणभणत होतं. तानुबाईंनी तांब्या रिकामा केला. प्रेमराजने आपला पेला बाजूला सरकवला आणि गाय बांधायची आहे म्हणून उठून गेला. गाय बांधलेलीच होती.

वेणूअक्का बोलायला बसली ती भांडायच्या तयारीने. तीस वर्षं पिंपळनेरात काढल्याने तिच्या बोलण्यात तिकडची अहिराणी मुरलेली. "तुमी तिना बाजूनी आल्या शेत, माले माहीत शे," ती म्हणाली. तानुबाई म्हणाल्या, की मी रूहीच्या बाजूने आले आहे हे खरं, पण तिने केलं असेल तर मी स्वतः तसं लिहून देईन. मग त्यांनी त्या दिवशीचं सगळं हळूहळू काढून घेतलं. वेणूअक्का साडेबारापासून झोक्यावर होती, चाळीस बायकांत, गाणी म्हणत. प्रेमराज पारावर पत्ते खेळत होता, तीस पुरुषांत. घरात आबा आणि रूही.

आबांची गादी परसात गुंडाळून टाकलेली होती. तानुबाईंनी ती उलगडली, डोक्याच्या बाजूला नाक लावून बराच वेळ वास घेतला. वेणूअक्काला वाटलं म्हातारी बाई चक्रम आहे.

"तुमच्या प्यायच्या माठात वाळा घालता का?"

वेणूअक्काने नाही म्हणून मान हलवली. माठ आबांच्या खोलीतच, खाटेपासून दोन पावलांवर होता. त्यात वाळा कधीच नसतो. वाळा फक्त मायच्या घागरीत घातला होता.

माय मागच्या पावसाळ्यात गेली होती. मेल्यानंतरची तिची ही पहिली अखाजी, म्हणून मेलेल्याला पाणी पोचावं यासाठी भरतात ती तिच्या नावाची घागर वेणूअक्काने स्वतः भरली होती, आणि मायला वाळ्याचा वास आवडायचा म्हणून त्यात वाळ्याची जुडी सोडली होती. घागर देवघराच्या खोलीत, पाटावर. तोंडावर लहान पसरट मडकं, त्यात आंबा आणि रव्याच्या गोड सांजोऱ्या.

"ती आता कुठे आहे?"

"तठेच शे. सुतकात देवघरात कोन जाई? बापाना जीव गया तवापासून कोनीच हात लायेल नही."

तानुबाई दारात उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत घागर होती, तळाशी ओल सुकून पांढरा डाग उरलेला. पाणी किती उरलं आहे हे बघून उपयोग नव्हता. मातीचं भांडं रोज थोडं पाणी स्वतःच पितं. त्यांनी वरची मांडणी बघितली. मडक्यात तळाला सांजोऱ्या होत्या, सुकून वाकड्या झालेल्या, आणि त्यांच्यावर आंबा.

"अक्का, तू अशीच मांडली होतीस?"

वेणूअक्काने डोकावून बघितलं. तिचा चेहरा बदलला.

५

ललितच्या मोबाईलमधला फोटो तानुबाईंनी त्याच संध्याकाळी मागून घेतला. त्याने लगेच पाठवला. बारा पन्नासची वेळ त्यावर होती. आबा टेकून बसलेले, अर्ध्या तोंडाने हसलेले, शेजारी रूही, आणि मागे उघड्या दारातून देवघरातली घागर. मडक्याच्या काठावर सांजोऱ्या दिसत होत्या, आंबा त्यांच्या खाली. पुढचा फोटो एक वाजून वीस मिनिटांचा, जळगावातल्या दुसऱ्या आजारी बाईंच्या घरचा. ललित त्या वेळी असोद्यात नव्हता.

तानुबाई मुलांना गणित शिकवायच्या तेव्हा आधी जे नक्की ठाऊक आहे ते फळ्यावर लिहायच्या. आताही त्यांनी मनातल्या फळ्यावर तसंच लिहिलं.

बारा पन्नासला घागरीला हात लागलेला नव्हता. मरणानंतर सुतकामुळे लागलेला नाही. म्हणजे कोणीतरी मधल्या तासाभरात वरचं मडकं उतरवलं, त्यातलं सांडलं, पाणी घेतलं, आणि सगळं घाईने परत भरताना वरचं खाली गेलं. ते पाणी आबांपर्यंत पोचलं, कारण गादीला वाळ्याचा वास होता.

रूहीने घेतलं असेल का? तिला पाणी हवं असतं तर माठ दोन पावलांवर होता. ज्याला आबांना मारायचं होतं, त्यालाही माठाचं पाणी चाललं असतं. ज्याला नुसती तहान भागवायची होती, त्यालाही चाललं असतं. माठ सोडून देवघरात जाणारा माणूस असा हवा, ज्याला पाणी नको होतं, तेच पाणी हवं होतं. मायच्या नावाचं. असं या घरात दोघांनाच वाटू शकतं.

वेणूअक्का झोक्यावर होती. आणि ती असती तर तिने सांजोऱ्या वरच ठेवल्या असत्या. मायची रीतच तशी, हे तिने दारात उभं राहून सांगितलं होतं. घागर भरणं हे बायकांचं काम. त्या घरातल्या पुरुषाने जन्मात ती मांडलेली नव्हती.

राहता राहिले पारावरचे तीस पुरुष. तानुबाईंनी त्यांच्यातल्या भिकन नावाच्या एका गड्याला सहज विचारलं, की डाव रंगला असताना कोणी उठतं का हो. भिकन हसला. उठावं लागतंच की, बाई, वय झालं. प्रेमराजभाऊ उठला होता, दहा मिनिटं. आला तो खूश होऊन आला. पुढचे दोन डाव हरला तरी हसत होता.

खून करून आलेला माणूस असा हसत नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रेमराजसमोर ओट्यावर बसल्या. वेणूअक्का आतल्या बाजूला दाराला धरून उभी होती.

"भाऊ, तुम्हाला एक गोष्ट दाखवते," त्या म्हणाल्या. "गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा."

त्याने ठेवली.

"काहीतरी वर आलं आणि खाली गेलं, लागलं हाताला? गळ्यात दोन नळ्या असतात. एक पोटाकडे जाते, एक छातीकडे, श्वासाची. श्वासाच्या नळीवर झाकण असतं. आपण गिळतो तेव्हा ते आपोआप बसतं. ज्याला झटका आला त्याचं झाकण सावकाश बसतं. घट्ट पदार्थ हळू उतरतो, तोवर झाकण बसायला वेळ मिळतो. पाणी थांबत नाही. झाकण बसायच्या आत ते छातीत जातं. अशा माणसाला कधीकधी ठसकाही लागत नाही. माणूस डोळे मिटतो, बघणाऱ्याला वाटतं झोपला."

प्रेमराजची बोटं अजून गळ्यावरच होती.

"एक घोटबी?" त्याने विचारलं.

"एखादा जातो नीट. सगळे जात नाहीत."

निंबाखाली कोणीतरी झोक्याचे दोर सोडत होतं.

"हे तिनं मले कधीच का नही सांगितलं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तीन महिने मी तिले विचारलं, पोरी, का नही देत. ती म्हने, बाईनं सांगितलं. कोनती बाई? मले वाटलं, कोनी शिकलेली, शहरातली, तिनं कागदावर लिहून देलं, म्हाताऱ्याले पानी नही. काय कळते तिले?"

"ती बाई मीच," तानुबाई म्हणाल्या.

मग त्याने सांगितलं. पत्ते खेळता खेळता त्याच्या मनात आलं, की आज गावभर मेलेल्या माणसांना पाणी आहे. "मेलेल्या मायले घागरभर पानी, अन् जित्ता बाप तहानेला." तो उठून घरात आला. रूही परसात होती. त्याने मायच्या घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं, उशा काढून बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठाला लावला. बाप प्याला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा प्याला. मग काही तोंडात गेलं, काही बाजूच्या उशीवर सांडलं. मग त्याने डोळे मिटले.

"मले वाटलं निजला. तृप्त होऊन निजला. मी डोकं हळूच खाली ठेवलं अन् गेलो." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "अक्का वरडली तवा मले खरंच वाटलं, त्या पोरीनंच मारलं. आईची आन. मंग डॉक्टरनं श्वास म्हटला. मंग मले रोज पानी पाहिलं का काहीतरी व्हायले लागलं. पन मी सोताले म्हने, पान्यानं कोनी मरते का?"

आत वेणूअक्का जमिनीवर बसली होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. रूहीकडे बोट दाखवून ती चार दिवस जे जे बोलली होती, ते सगळं त्या बोळ्यामागे होतं.

प्रेमराज उठला, चप्पल शोधली. ठाण्यात मी एकटाच जातो, असं तो म्हणाला. तानुबाई तरी बरोबर गेल्या. त्याला शिक्षा होईल का, हे त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तानुबाईंना त्या शिक्षेबद्दल सांगता आलं नसतं जी त्याने आधीच सुरू केली होती.

७

फौजदारांनी जबाब दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी तानुबाईंकडे बघितलं आणि नजर खाली घातली. पुढचं न्यायाधीश ठरवतील, पण मुलीला सोडायला हरकत नाही, असं ते म्हणाले. सोमवारच्या बैठकीत ललितने शेवटचा नियम वाचलाच नाही. तानुबाईंनी मात्र पंचांचा नियम मोठ्याने वाचला, आपल्या पेनाने त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. कोणी अडवलं नाही. दिपमालाबाईंनी आईच्या पाठीची जखम बघून नियम केले होते. आपण ते नियम मुलींच्या गळी उतरवले, पण त्यांमागचं कारण घरच्यांच्या उंबऱ्याच्या आत नेलं नाही. हे तानुबाई कोणाला बोलल्या नाहीत, कारण बोलून ते हलकं झालं असतं.

रूही बाहेर आली तेव्हा मुख्तार रिक्षा थांबवून उभे होते. त्यांनी तानुबाईंना हात जोडले, पण अंतर ठेवून. मुलगी आता घराबाहेर कामाला जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तानुबाईंनी मान डोलावली.

रिक्षात बसता बसता रूही परत फिरली.

"बाई, एक विचारू? तीन महिने ते माझ्याकडे बघून पाणी मागायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. शेवटी दिलं ते सगळं छातीतच गेलं का? थोडंतरी पोटात गेलं असेल?"

तानुबाई विद्यार्थ्याला दिलासा म्हणून खोटं उत्तर कधी देत नसत. त्यांनी प्रेमराजचा जबाब पुन्हा एकदा मनात वाचला, एकेक वाक्य.

"पहिला घोट नीट गेला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर त्यांनी दुसऱ्यासाठी तोंड उघडलं."

रूहीने ते नीट ऐकून घेतलं. मग ती रिक्षात बसली, ओढणीने तोंड झाकलं, आणि अटक झाल्या दिवसापासून कोरडी राहिलेली ती पोरगी वडिलांच्या खांद्याला न टेकता, एकटीच, मोठ्याने रडू लागली.